पडद्यावर नसलेली बॅग

स्टुडिओत तिला सगळे ‘सेकंदबाई’ म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे, आणि तिलाही त्याचं काही वाटायचं नाही. खोटं काय होतं त्यात? ज्यांना दिसत नाही अशा लोकांसाठी टीव्हीवरच्या मालिकांचं वर्णन करायचं, हे तिचं काम. पडद्यावरची माणसं बोलायची थांबली की मध्ये एक फट राहते, कधी तीन सेकंदांची, कधी सात. तेवढ्यात हिनं सांगून टाकायचं: कोण आलं, कुठं बसलं, हातात काय आहे. पुढचं वाक्य सुरू व्हायच्या आत गप्प. संवादावर हिचं एक अक्षर चढलं तरी तपासनीस लाल रेघ मारून कागद परत पाठवायचा.

आता तुम्ही म्हणाल, दिसतंय ते सांगायचं, त्यात कसली आलीय अक्कल? सांगून बघा एकदा. खोलीत शंभर वस्तू आणि तुमच्या हातात चार सेकंद. पंखा सांगाल की पडदा? भिंतीवरचा फोटो की फोटोवरची धूळ? त्यातून मालिका रहस्याची असली तर विचारूच नका. तुम्ही नुसतं ‘टेबलावर कात्री’ म्हणालात की ऐकणारे आठवडाभर त्या कात्रीला धरून बसतात. आणि जे तुम्ही म्हणाला नाहीत, ते त्यांच्यासाठी जगात नाहीच. बावीस वर्षं बाई हे काम डोळ्यांत तेल घालून करत होती. एवढ्या वर्षांत तिनं पडद्यावर नसलेली गोष्ट कधी सांगितली नव्हती.

घरी ती आणि तिचे बाबा, दोघंच. लाँड्रीच्या दुकानावर दोन खोल्या. बाबा त्र्याऐंशीचे, नकाशे काढण्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. वय झालं तरी पाठ सरळ आणि आवाज खणखणीत. आई लवकर गेली. आणि थोरली बहीण, ताई, एकतीस वर्षांपूर्वी एका सकाळी घरातून गेली ती गेलीच. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि बाई एकोणीसची. पोलिसांनी लिहून घेतलं: मुलगी सज्ञान, सामानाची बॅग घेऊन गेली, म्हणजे राजीखुशीनं गेली. संपला विषय. बाबा अजून तेच सांगायचे, भेटेल त्याला सांगायचे. ‘बॅग घेऊन गेलीय हो. बॅग घेणारा माणूस विचार करून जातो. कुठंतरी सुखात असेल. एक दिवस येईल बघा.’ बाई तेव्हा चहाचे कप उचलून आत जायची.

त्या वर्षी तिच्याकडे नऊ भागांची एक रहस्यमालिका आली. तळ्याकाठी एक गेस्ट हाऊस, तिथली मालकीण एका सकाळी मागच्या दारानं बाहेर पडते आणि गायब होते. नवरा एक सांगतो, स्वयंपाकी दुसरंच सांगतो, राहायला आलेला पाहुणा तर काय वाटेल ते सांगतो. अधूनमधून ती सकाळ पुन्हा दाखवायचे: दार उघडतं, मालकीण बाहेर येते, पायऱ्या उतरते. शिवाय दिग्दर्शकानं वस्तूंची नुसती खैरात केली होती. रिकामा पिंजरा, बंद पडलेलं घड्याळ, एकच लाल हातमोजा. बाई वैतागायची. ‘याच्या घड्याळापायी माझे तीन सेकंद खर्च!’

भाग बुधवारी लागायचा आणि गुरुवारी सकाळी अकराला तिचा फोन वाजायचा. पलीकडे ऑपरेटरकाका. जन्मापासून डोळे नाहीत, चाळीस वर्षं टेलिफोन खात्यात लोकांना लोकांशी जोडून दिलं, आता अंधांच्या वाचनालयात सात जणांचा अड्डा जमवून ही मालिका ऐकायची आणि तिचा कीस पाडायचा, हा त्यांचा उद्योग.

‘बाई, पिंजरा रिकामा म्हणजे मालकिणीनं स्वतःला सोडवलं, असं आमचे मास्तर म्हणतात. मी म्हटलं, मास्तर, पक्षी मेला की पिंजरा रिकामाच होतो!’

‘मग तुमचं मत काय?’

‘माझं मत, घड्याळ हा निव्वळ चावटपणा आहे. लेखकाला काही सुचलं नाही की तो घड्याळ बंद पाडतो.’

बाई पोट धरून हसायची. खरं तर आठवड्यातलं तिचं तेवढंच हसणं. बाबांपुढे हसायचं तर आधी कशाला हसलीस ते समजावून सांगावं लागे.

आठव्या भागानंतर काकांनी तिला अड्ड्यावर बोलावलं. शनिवारी दुपारी ती गेली. वाचनालयाची खोली साधीच, मध्ये गोल टेबल, भोवती सात माणसं. खोलीत दिवा लावलेला नव्हता. लावणार कोण आणि कशाला? खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात बाई चाचपडत खुर्चीवर बसली, आणि सगळे हसले. ‘बघा, आज बाईंनाच दिसेना!’

मग सुरू झालं. मास्तर म्हणाले, ‘आता शंकाच नाही. ती आपणहून गेली. बॅग घेतली ना तिनं.’

‘कोणती बॅग?’ बाईनं विचारलं.

 काका म्हणाले, ‘असं काय करता? तपकिरी बॅग. चार वेळा सांगितलीत तुम्ही.’

‘एवढी,’ मास्तर म्हणाले आणि त्यांनी हवेत दोन हात धरले. शेजारच्यानंही धरले. मग एकेक करत सातही जणांनी टेबलावर हात वर केले आणि त्या अंधुक खोलीत सात बॅगा उभ्या राहिल्या, सगळ्या एकाच मापाच्या. बाईनं ते माप ओळखलं. 

त्यांच्यातली एक म्हातारी पुन्हा विणायला लागली होती. मान वर न करता ती म्हणाली, ‘उजव्या बाजूचं बक्कल तुटलंय तिचं.’

‘मी बक्कल म्हणाले नाही,’ बाई म्हणाली. 

‘नाही कसं? मला ते वाजताना ऐकू येतं की. ती पायऱ्या उतरते तेव्हा टक, टक.’

 उशीर होतोय असं काहीबाही बोलून बाई उठली, आणि बाहेरच्या लख्ख उन्हात येऊनही कितीतरी वेळ तिच्या अंगावरचा काटा जाईना. कारण तिच्या ताईच्या तपकिरी बॅगेचं उजवं बक्कल खरोखरच तुटलेलं होतं. ती बॅग एकतीस वर्षांत कुणी पाहिली नव्हती.

सोमवारी ती स्टुडिओत सगळ्यांच्या आधी पोचली. तिथला साउंडवाला, दोन रेकॉर्डिंगच्या मध्ये कधीही डुलकी काढतो म्हणून त्याला ‘बोका’ म्हणायचे. त्याला तिनं सांगितलं, ‘त्या सकाळचा प्रसंग काढ. सगळ्या भागांतला. माझ्या आवाजासकट आणि चित्रासकट.’

‘दोन्ही एकदम?’ बोका म्हणाला. ‘तसं कुणी बघतच नाही, बाई.’

खरंच होतं ते. ज्यांना दिसतं ते तिचा आवाज ऐकत नव्हते, आणि जे आवाज ऐकत होते त्यांना दिसत नव्हतं. तपासनीस फक्त सेकंद मोजायचा. मधल्या त्या फटीत बाई काहीही बोलली असती तरी जगात कुणाला पत्ता लागला नसता.

बोक्यानं चित्र लावलं. मागचं दार उघडलं, मालकीण बाहेर आली. आणि बाईचा स्वतःचा आवाज, शांत, नेहमीसारखा: ‘ती मागच्या दारानं बाहेर पडते. हातात तपकिरी बॅग.’

पडद्यावर मालकिणीचे दोन्ही हात मोकळे होते. कॅमेरा मुद्दाम हातांजवळ गेला होता. बोटं उघडी, तळवे रिकामे.

दुसरा भाग, चौथा, पाचवा, आठवा. चारी वेळा तेच. आणि बॅग म्हणताना मागे अगदी बारीक टक, टक. बोक्यानं तो आवाज वाढवून दिला. बाईच्या हातातलं पेन माइकच्या लोखंडी दांडीवर आपटत होतं. आपण असं पेन आपटतो, हेही तिला माहीत नव्हतं. तिनं कपाटातून आपले कागद काढले. तिचंच अक्षर, तिचीच शाई. ‘हातात तपकिरी बॅग.’ लिहिल्याचं आठवत मात्र नव्हतं.

‘बाई,’ बोका हळूच म्हणाला, ‘तिच्या हातात काही नाहीये.’

‘दिसतंय मला,’ बाई म्हणाली.

आता ती सकाळ सांगायलाच हवी. एकतीस वर्षांपूर्वीची. बाबांनी आपल्या कचेरीत ताईला चिकटवून दिलं होतं आणि ताईनं न विचारता ती नोकरी सोडली, एवढंच कारण. पण बाबांचा राग म्हणजे काय सांगावं! बोलता बोलता हात उठला आणि गालावर बसला. ताई रडली नाही. घरातल्या निळ्या सपाता पायात, तशीच मागच्या जिन्यानं उतरली. जाताना धाकटीला म्हणाली, ‘आलेच गं.’ हात रिकामे होते. साधी पर्सदेखील नव्हती.

संध्याकाळ झाली तरी ती आली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच बाबांनी माळ्यावरची तपकिरी बॅग काढून धाकटीपुढे टाकली. म्हणाले, ‘भर.’

‘काय भरू?’

‘जाताना तिनं काय नेलं असतं ते भर. नुसतीच निघून गेली म्हटलं तर लोक म्हणतील मी मारून घालवली. दोन दिवसांत येईलच ती, मग कोण विचारतंय?’

आणि एकोणीस वर्षांच्या पोरीनं बसून विचार केला. ताई कायमची जाणार असती तर काय नेलं असतं? दोन ड्रेस, स्वेटर, कंगवा, अर्धवट वाचलेलं पुस्तक. इतकं बिनचूक भरलं की एक क्षण तिचं तिलाच वाटलं, ताई खरंच जायला निघालीय. बाबा पहिल्या बसनं ती बॅग घेऊन गेले आणि दुपारी मोकळ्या हातांनी परत आले. मग दोघं पोलिसांत गेली. तिला विचारलं, जाताना पाहिलंस का? तिनं छाती भरून श्वास घेतला आणि सांगितलं, ‘हातात तपकिरी बॅग होती.’

दोन दिवस गेले, दोन महिने गेले. ताई आली नाही, आणि मग खरं सांगायची वेळही निघून गेली. पुढं पुढं तर भलतंच झालं. चार-पाच वर्षांनी बाबा पाहुण्यांना सांगायला लागले, ‘बॅग उचलली तेव्हाच मी ओळखलं.’ बाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ती बॅग दिसत होती. तिनं मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

शेवटचा भाग मंगळवारी रेकॉर्डिंगला आला. त्यात तपास करणारी पोलीसबाई नवऱ्यासमोर बसून म्हणते, ‘कायमची जाणारी बाई काहीतरी घेऊन जाते. ही रिकाम्या हातांनी गेली. हिला परत यायचं होतं. आणि तुम्ही कुणी तिला शोधलं नाहीत.’

बाईनं हेडफोन काढून ठेवला. बुधवारी ते सात जण हे ऐकणार. सात आठवडे त्यांनी ज्या बॅगेवर सगळं रचलं, ती तिनं त्यांच्या हातात दिली होती. खरा दुवा होता रिकाम्या हातांचा, तो तिनं त्यांच्यापासून लपवला. तिनं बाहेर येऊन स्वतःहून काकांना फोन लावला. ‘काका, बॅग नव्हती.’

 काका म्हणाले, ‘मला वाटलंच होतं. रागावू नका, पण त्या एका वाक्याआधी तुम्ही श्वास भरून घेता. एरवी कधी घेत नाही. चाळीस वर्षं माणसांचे श्वासच ऐकले मी. कुणाची बॅग होती ती?’

एवढं विचारायचा अवकाश, बाई जिन्यातच खाली बसली आणि तिनं सगळं सांगितलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. रडली, हुंदके देऊन रडली. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते.

काका म्हणाले, ‘आमचं सोडा हो. आम्ही सात म्हातारे, मालिका ऐकतो, चुकलो तर हसू आणि चहा पिऊ. पण पोलिसांच्या कागदावर अजून ती बॅग आहे ना?’

‘आहे.’

‘मग तिकडं जा. आज जा. उद्या म्हणालात की तुम्ही जाणार नाही, तुमचा आवाज सांगतोय मला.’

ती तशीच गेली. जुन्या नोंदी सांभाळणारी पोलीसबाई मध्यमवयीन होती, चष्मा कपाळावर सरकवलेला. तिनं आधी कंटाळून ऐकलं, मग चष्मा खाली घेतला. ‘बरं, नीट सांगा. काय दिसलं होतं तेवढंच.’

बाईनं सांगितलं. या वेळी घाई नव्हती. अंगात फिका पिवळा ड्रेस. पायात घरातल्या निळ्या सपाता, डावीची शिवण उसवलेली. डाव्या कोपरावर भाजल्याचा जुना डाग. हात रिकामे. ‘आलेच गं’ म्हणाली. चिडली की कालव्याच्या बाजूला जाऊन बसायची.

‘कालवा?’ पोलीसबाईनं विचारलं. कालव्यापलीकडे हद्द दुसऱ्या ठाण्याची. तिनं तिकडं फोन लावला, वर्ष सांगितलं, महिना सांगितला, सपाता सांगितल्या. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिली आणि लिहीत राहिली. फोन ठेवल्यावर तिनं बाईपुढे पाण्याचा ग्लास सरकवला. 

कालव्यापलीकडच्या बंद पंपघरात एका तरुणीचं प्रेत सापडलं होतं. ताई गेली त्याच्या नवव्या दिवशी. फरशी खचून ती खालच्या, बोटभर पाणी साठलेल्या हौदात पडली होती, पाय मोडला होता. पिवळा ड्रेस, पायात एकच निळी सपात, डावी, शिवण उसवलेली. कोपरावर डाग. ओळख पटली नाही, कुणी चौकशीला आलं नाही, बेवारस म्हणून नोंद झाली.

‘पण आम्ही तक्रार दिली होती,’ बाई म्हणाली.

‘दिली होती. पण तुमची बहीण हरवलेल्यांच्या यादीत कधी गेलीच नाही, बाई. सामान घेऊन स्वखुशीनं गेलेली, म्हणून त्याच दिवशी कागद बंद झाला. त्यामुळे ताडून कुणी पाहिलंच नाही.’  पुढचं सांगावं की नाही, असं पोलीसबाईला वाटलं असावं. मग तिनं कागद बाईकडे वळवला आणि डॉक्टरांच्या शेऱ्यावर बोट ठेवलं. मृत्यू सापडण्याच्या फार तर दोन दिवस आधी झालेला.

बाई घरी पोचली तेव्हा चार वाजले होते. बाबा खिडकीपाशी बसले होते. ‘आज लवकर?’ त्यांनी विचारलं.

ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. एका मागोमाग एक, जसं घडलं तसं सांगितलं. मागचा जिना, रिकामे हात, माळ्यावरून काढलेली बॅग, पहिली बस. बाबा मध्येच म्हणाले, ‘काहीतरी बोलू नकोस. मी स्वतः पाहिलीय ती तिच्या हातात.’ ती थांबली नाही. पंपघर सांगितलं, हौद सांगितला, सपात सांगितली. नववा दिवस सांगितला आणि डॉक्टरांनी लिहिलेलंही सांगितलं.

बाबांची पाठ सरळच होती. त्यांचा उजवा हात मात्र मांडीवरून उचलला गेला आणि तसाच अधांतरी राहिला. खाली लाँड्रीत इस्त्रीची वाफ फुसकन सुटली. मग ते बोलले, आणि त्यांचा असा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता.

‘म्हणजे सात दिवस होती ती?’

‘हो.’

‘जिवंत?’

‘हो, बाबा.’

‘ते पंपघर... आपण हाका मारत गेलो असतो त्या बाजूला, तर तिला ऐकू गेलं असतं?’

‘नसतं गेलं’ म्हणून टाकावं, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. म्हातारा माणूस, किती दिवसांचा सोबती. पण ती येताना त्या बाजूनं आली होती आणि रस्त्यापासून पंपघरापर्यंतची पावलं तिनं मोजली होती.

‘पन्नास पावलं आहेत, बाबा,’ ती म्हणाली. ‘ऐकू गेलं असतं.’